आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, आता मृगाच्या आधी गच्चीवर एक चक्कर मारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दर आठवड्याला शेतकऱ्यांसाठी सल्ला येतो, कपाशीचं काय करायचं, केळीच्या बागेला वाऱ्यापासून कसं जपायचं, आमच्या घरी तो कापून ठेवतात कारण गावाकडे थोडी शेती आहे. मागच्या आठवड्यात तो वाचता वाचता मनात आलं की वावराला सल्ला आहे तसा घराला का नाही? शेतात पेरणी चुकली तर दुबार पेरणी तरी करता येते, घराचा स्लॅब एकदा आतून सडायला लागला तर काय करायचं? आणि आपल्या खान्देशात घराला सोपे दिवस नाहीत हो, एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 च्या वर जातो, मग एखाद्या संध्याकाळी धुळीचं वादळ येतं, मग पाऊस, आणि खाली काळी माती, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. पुण्या-मुंबईच्या सल्ल्याचे व्हिडिओ मोबाईलवर खूप येतात पण आपल्या उन्हाचं आणि आपल्या मातीचं त्यात काही नसतं. म्हणून हे पत्र लिहायला बसले. जरा मोठं झालंय, पण जेवढं जमेल तेवढं छापा ही विनंती.

मी अमळनेरला राहते, घर आमचं 22 वर्षांचं, प्लॉट एरियातलं, खाली तीन खोल्या, वर गच्ची. मी इंजिनियर नाही, पण मिस्टर नोकरीसाठी बाहेरगावी असल्याने घराचं सगळं काम मीच करून घेते, त्यामुळे जे लिहितेय ते स्वतः बघितलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वी आर्द्रा नक्षत्रात आमच्या हॉलच्या स्लॅबमधून पाणी यायला लागलं, आधी नुसता ओलसर डाग, मग दुसऱ्या दिवशी पंख्याच्या हुकातून टप टप, आणि पंख्याचं बटण दाबलं तर सासूबाईंना झिणझिण्या आल्या. नशीब बरं की तेवढ्यावरच भागलं. मी घाबरले, ज्याचा नंबर हाताला लागला त्या ठेकेदाराला बोलावलं, त्याने पाऊस दोन दिवस उघडला तेवढ्यात गच्चीवर कसलंतरी केमिकल मारलं, दोन हात, 38 हजार घेतले आणि पाच वर्षांची गॅरंटी तोंडी दिली. महिनाभरात त्या थराला पोळीसारखे फुगे आले, बोटाने दाबलं तर आत पाणी हलायचं, श्रावणात सोलून निघायला लागलं आणि फोन उचलणं बंद झालं.

नंतर समजलं की चूक ठेकेदाराची होती तशी माझीही होती, वेळ चुकली होती. स्लॅब पाणी पिऊन बसलेला असताना वरून तोंड बंद केलं की ऊन पडल्यावर आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला जागा नसते, मग ती वरचा थर उचलते. वरून कितीही महागाचा डबा आणा, ओल्या स्लॅबवर तो टिकत नाही. हे काम कडक उन्हाळ्यात, स्लॅब हाडासारखा कोरडा असताना करायचं असतं, म्हणजे आपल्याकडे आखाजी ते रोहिणी एवढाच काळ. आणि नेमका हाच काळ आपण घालवतो, कारण आखाजीला लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, घरात पुरणपोळी-आमरस चालू असतो, झोके बांधलेले असतात, तेव्हा मिस्त्री घरात कोण घेणार, मग लग्नसराई, मग पोरांच्या शाळेचं, आणि मग आलाच मृग. सासूबाई अहिराणीत म्हणतात, "पानी उनं का मंग पयापय," म्हणजे पाऊस आला की मग पळापळ. त्यांचं खरं आहे, मृगाच्या पहिल्या सरीनंतर सगळ्या गावाला एकाच वेळी मिस्त्री पाहिजे असतो आणि मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर तो मागेल तो भाव.

पुढच्या वर्षी आखाजी झाल्याबरोबर एका म्हाताऱ्या गवंडी बाबांना बोलावलं. त्यांनी गच्चीवर आल्यावर केमिकलचं नावसुद्धा काढलं नाही. आधी झाडू मागितला. मग म्हणाले, पाणी आहे का दोन ड्रम? आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला, पण दिलं. त्यांनी गच्चीचे खडूने चार भाग केले, एका भागाभोवती मातीची चार बोटं उंच आळी केली, आपण झाडाला करतो तशी, आणि तेवढ्याच भागात पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी खाली काही नाही. मग दुसरा भाग. तिसऱ्या भागाला संध्याकाळी पाणी भरलं आणि रात्री साडेनऊला हॉलमध्ये तोच जुना डाग ओला झाला. सकाळी बाबा त्या भागात उकिडवे बसून बोटाने चाचपत गेले आणि टीव्हीच्या छत्रीपाशी थांबले. छत्री बसवणाऱ्याने स्लॅबमध्ये चार बोल्ट ठोकले होते, त्यातला एक हलत होता, त्याच्याभोवती केसासारखी भेग, पाणी थेट आत. आणि पलीकडे पाइपाच्या तोंडाशी निंबाचा पाला, एक फुटकी बादली आणि कबुतराचं घरटं, म्हणजे पाऊस पडला की तिथे तळंच साचायचं आणि ते पाणी तिकडून त्या बोल्टाकडे जायचं. 38 हजार ज्याच्यावर घालवले ते दुखणं हे एवढंसं होतं! छत्री काढून भिंतीवर लावली, भोकं मोकळी करून आत मसाला भरला, पाइपाला जाळी लावली, बाबांची दोन दिवसांची मजुरी आणि सामान धरून चार हजारात झालं. तेव्हापासून हॉल कोरडा आहे.

म्हणून माझं वाचकांना पहिलं सांगणं हे की गळतं कुठून ते सापडल्याशिवाय पैसे खर्च करू नका. पाणी भरून 24 तास, जमलं तर 48 तास ठेवा. पाणी नसेल तर निदान बादलीभर ओतून बघा ते कुठे पळतं आणि कुठे थांबतं, 10 फुटाला साधारण सव्वा इंच उतार पाइपाकडे असायला पाहिजे, कुठे डबकं दिसलं तर तिथे खडूने गोल करून ठेवा. गळती बहुतेक वेळा मोकळ्या गच्चीच्या मधोमध नसते, कठड्याची भिंत आणि स्लॅब मिळतात तो कोपरा, पाण्याच्या टाकीचे पाय, सोलरचे बोल्ट, पाइप जिथून आरपार जातो ती जागा, हे बघा आधी. कोपऱ्यात सिमेंटची गोलाई असली की तिथे पाणी बसत नाही, काटकोन राहिला की भेग पडतेच, कारण आपल्या उन्हात दुपारी स्लॅब ताणतो, रात्री आखडतो आणि पहिल्या पावसाचं गार पाणी तापलेल्या स्लॅबवर पडलं की एकदम आखडतो.

भेग भरताना नुसती वरून सिमेंटची थापी फिरवून उपयोग नाही, ती छिन्नीने जरा रुंद करून, आतली माती ब्रशने काढून, ओली करून मग पॉलिमर मिसळलेला मसाला दाबून भरायचा. पुट्टी ही बाहेरच्या भेगेसाठी नाही, एका पावसात निघते. आणि तराई, म्हणजे नवीन सिमेंट ओलं ठेवणं! मे महिन्यात दुपारी केलेलं सिमेंटचं काम संध्याकाळपर्यंत वाळून जातं, सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं, ते उन्हाने उडालं की तिथे नवीन भेगा. म्हणून काम सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, वर बारदान टाकायचं आणि कमीत कमी सात दिवस ते ओलं ठेवायचं. सात दिवस तराई, एक-दोन दिवस पाण्याची टेस्ट, काही राहिलं तर परत दोन दिवस, असं उलटं मोजलं तर रोहिणी लागायच्या आत म्हणजे 25 मेच्या आधी मिस्त्री गच्चीवरून खाली उतरलेला पाहिजे.

आणखी एक, गळतं म्हणून दर दोन वर्षांनी वर एक थर वाढवायचा हे थांबवा. मी हिशोब करून बघितला, 1000 स्क्वेअर फूट गच्चीवर फक्त एक इंच जाडीचा मसाला टाकला तर साडेचार ते पाच टन वजन होतं. असे तीन थर झाले की गच्चीवर भरलेला ट्रक उभा केल्यासारखं आहे, आणि खाली आपण झोपतो. आतून स्लॅबला लाकडी दांड्याने हळू ठोकून बघा, भरीव आवाज आला तर बरं, डब्यासारखा पोकळ आला किंवा गंजाचे तांबूस डाग दिसले तर आतली सळई गंजलेली असू शकते, गंजली की ती फुगते आणि खालचं प्लास्टर ढकलते, ते अंगावर पडायच्या आधी पाडून घ्या आणि अशा घरात इंजिनियरच आणा, मिस्त्रीवर भागवू नका.

गळती नसेल त्यांनीसुद्धा गच्चीला चुना मारावा, उन्हाळ्यासाठी. पांढरा रंग ऊन परत फेकतो, काळपट झालेला स्लॅब ऊन पितो आणि रात्री तेच आपल्या अंगावर सोडतो, म्हणून तर रात्री एक वाजेपर्यंत पंख्याचा वारा गरम लागतो. शेजारच्या गुजरातेत अहमदाबादला 2010 च्या उन्हाळ्यात खूप माणसं गेली, त्यानंतर 2013 मध्ये त्यांनी उष्णतेसाठी शहराचा आराखडा केला आणि पुढे त्यात घरांची छतं पांढरी करायचं कामही घेतलं. आपल्या भुसावळ-जळगावचं ऊन काही त्यांच्यापेक्षा कमी नाही. कळीचा चुना रात्री पिंपात भिजवायचा (पाणी उकळायला लागतं, पोरांना जवळ येऊ देऊ नका, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावाच), सकाळी फडक्याने गाळून त्यात चिकटपणासाठी थोडा पांढरा गोंद मिसळायचा, गच्ची झाडून थोडी ओली करायची आणि कुंच्याने दोन हात, एक उभा एक आडवा. हे काम घरच्या घरी होतं आणि महागात जात नाही. खरं तर हे मार्चमध्येच करायला पाहिजे, पण आता केलं तरी राहिलेला महिना सुखाचा जातो. आमच्याकडे पायाला फरक कळतो, दुपारी चार वाजता कपडे काढायला चुन्यावरून चप्पल न घालता जाता येतं, शेजारच्या गच्चीवर पाय ठेववत नाही.

माझ्या माहेरी, चोपड्याकडच्या गावात, आजोबांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर होतं. आखाजी झाली की बैलगाडीने खारी माती यायची, आजोबा आणि काका ती धाब्यावर पसरून चोपायचे, पन्हाळी साफ करायचे, आणि आम्ही पोरं वर नाचलेली चालायची कारण त्याने माती दबायची! त्या मातीतून पाणी खाली उतरत नव्हतं आणि मेच्या दुपारी आत माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. तेव्हा कुणी कॅलेंडर लावलेलं नव्हतं, पण मृगाच्या आधी धाबं झालंच पाहिजे हे सगळ्या गावाला माहीत होतं. सिमेंटचा स्लॅब आल्यावर आपल्याला वाटलं की आता काही करावं लागत नाही, आणि तिथे फसलो. अजून ज्यांची धाब्याची घरं आहेत त्यांनी माती तर टाकाच पण छताच्या लाकडी कड्यांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे उधई (वाळवी) बघा, भिंतीवर मातीची बोटाएवढी नळी दिसली की समजायचं.

पत्र्याच्या घरांचं वेगळंच. वादळात पत्रे उडू नयेत म्हणून लोक वर दगड ठेवतात, टायर ठेवतात, मला ते बघूनच धडकी भरते, वारा पत्र्याला खालून उचलतो तेव्हा तो दगड शेजारच्याच्या अंगणात जाऊन पडतो आणि अंगणात खाटा टाकून माणसं झोपलेली असतात. दगड उतरवा आणि प्रत्येक हुकाचा नट पान्याने आवळा, रबराचे वायसर उन्हाने तडकून गेलेले असतात ते बदला, स्क्रू पत्र्याच्या उंच भागावर मारा, खोलगट भागात मारला तर पाणी तिथूनच आत येतं. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांना जास्त हुक पाहिजेत कारण वारा आधी तिथेच धरतो.

आता काळ्या मातीबद्दल, कारण हे दुखणं आपलं खास आहे. मेमध्ये घराच्या कडेने जमिनीला एवढ्या भेगा पडतात की हात आत जातो, पहिल्या पावसात पाणी त्या भेगांतून सरळ पायाखाली जातं, माती एका बाजूने फुगते, दुसऱ्या बाजूने कोरडीच राहते, आणि घर जरासं वाकडं होतं. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, जुलैत दरवाजा घासतो आणि दिवाळीनंतर परत नीट लागतो. सुतार बोलावून दरवाजा तासू नका हो, दरवाजाचा दोष नाही त्यात! घराभोवती तीन फुटाचा सिमेंटचा किंवा फरशीचा पट्टा करा, उतार बाहेरच्या बाजूला, त्याच्याखाली मुरूम, काळी माती नाही. पट्ट्याला पैसे नसतील तर यंदा निदान त्या भेगा मुरूम टाकून, दाबून बंद करा आणि गच्चीचं पाणी पाइप लावून भिंतीपासून लांब सोडा. भिंतीला चिकटून बाग करून रोज पाणी घालू नका. भेग वाढतेय की थांबलीय हे कळायला तिच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहायची, किंवा काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी चिकटवायची, पट्टी तुटली की भेग चालू आहे. भेगेत नाणं जायला लागलं तर मात्र इंजिनियरला दाखवा.

विजेचं थोडक्यात, पण हे सगळ्यात आधी करा असं मी म्हणेन. ओल आलेल्या भिंतीत वायर असते हे आपण विसरतो. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा खटका, बसवून घ्या, त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा, खटका पडला पाहिजे, नाही पडला तर तो बदला. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठाक पडतो आणि कोरड्या मातीतून करंट नीट जमिनीत जात नाही, म्हणून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी घाला. लोखंडी कूलरला तीन पिनचाच प्लग, आणि पाणी भरताना प्लग काढूनच, पोरांना तर भरायला सांगूच नका. सासूबाईंचा तो झटका आठवला की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

कूलरवरून आठवलं, पावसाळा लागला की तो रिकामा करून, आतला पत्रा ब्रशने घासून, वाळवून ठेवा. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या कडेला पत्र्याला चिकटलेली असतात, ती कोरडी झाली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि परत पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार. आपल्याकडे पाणी साठवल्याशिवाय चालत नाही, ड्रम आणि टाक्या प्रत्येक घरात आहेत, त्यामुळे आठवड्यातून एक दिवस सगळं रिकामं करून घासणं आणि टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळीचं फडकं बांधणं एवढं तरी करायचंच.

आणि गच्ची झाडलीच आहे, पाइप लावलाच आहे, तर ते पाणी बोअरला का नाही द्यायचं? 1000 स्क्वेअर फूट गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर 93 लिटर पाणी होतं. आपल्या जिल्ह्यात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर 65 हजार लिटर, त्यातलं थोडं उडून-सांडून गेलं तरी 50 हजार लिटर कुठे गेलं नाही. जो टँकर आपण मेमध्ये विकत घेतो तो 5 हजार लिटरचा असला तर हे 10 टँकर झाले, आपल्याच गच्चीवरचे, आणि आपण ते गटारीत सोडतो. यावल-रावेरकडे बोअर किती खोल चाललेत ते तिकडचे लोक सांगतीलच. पहिल्या एक-दोन पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायचं, नंतरचं वाळू-खडीच्या फिल्टरमधून आत घ्यायचं. चुना मारलेल्या गच्चीचं तर पहिले चार-पाच पाऊस सोडूनच द्या.

रंगाचं मी मुद्दाम लिहिलं नाही, तो पावसाळ्याच्या आधी द्यायचाच नाही. दसऱ्यानंतर भिंती वाळल्या की द्या, ओल्या भिंतीवर दिलेल्या रंगाचे पोपडे निघतातच.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच आहे की कृषी सल्ल्याच्या शेजारी चार बोटांची एक चौकट घरासाठी द्या, नक्षत्राप्रमाणे. इथे इंजिनियरिंगचे कॉलेज आहेत, पॉलिटेक्निक आहेत, तिथले सर लोक आनंदाने लिहून देतील, आणि त्यांच्या जोडीला एखाद्या जुन्या गवंड्यालाही विचारा, कारण आमच्या बाबांना जे दोन ड्रम पाण्यात सापडलं ते कुणाच्या कोटेशनमध्ये नव्हतं. सामानाचे आणि मजुरीचे चालू भाव त्यात दिले तर माझ्यासारख्या एकट्याने काम करून घेणाऱ्या बायकांना कुणी काहीही रेट सांगणार नाही. आणि पक्कं बिल आणि गॅरंटी कागदावर लिहून मागा हे दर वेळी त्या चौकटीत छापा, मी मागितलं असतं तर माझ्या हातात काहीतरी राहिलं असतं.

आमच्या गच्चीला चुन्याचा पहिला हात काल झाला. ऊन उतरलंय, पिंपातला चुना ढवळायला सासूबाई हाक मारताहेत, दुसरा हात आजच मारून घ्यायचा आहे.

आपली वाचक,
एक गृहिणी, अमळनेर, जि. जळगाव